‘प्रॉपर बेळगाव’ म्हणजे नक्की कुठलं? आणि हे इंग्रजी तरी बरोबर आहे काय?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे खरं परवापासून घरात त्यावरून वादावादी चालू आहे म्हणून इथं टाकतोय. आमची कन्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी चाललीय, त्यात ते स्वतःची ओळख करून द्यायचं पाच-सहा वाक्यांचं प्रकरण असतंय बघा, त्यात तिनं पहिलंच वाक्य लिहिलं ‘आय ॲम फ्रॉम प्रॉपर बेळगाव’. क्लासच्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली. कारण काही नाही, नुसतं ‘चूक’. आता मला सांगा, लहानपणापासून आपण एकमेकाला ‘तुमचं प्रॉपर कुठलं ओ?’ असंच विचारत आलोय, बसमध्ये, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत. मग ते चूक कसं? आणि चूक असेल तर हा शब्द आपल्यात घुसला कुठून? जाणकारांनी सांगावं. सीमावादावर घसरू नका ही हात जोडून विनंती, त्याचे धागे भरपूर आहेत.

कॅम्पातला
सरांचं बरोबर आहे. वाक्य चुकीचंच आहे. अनगोळ कुठं प्रॉपर बेळगावात येतंय? :)

अनगोळकर
@कॅम्पातला, आलास का लगेच. अनगोळ महापालिकेत आहे, आम्ही घरपट्टी भरतो. तुमचा कॅम्प तर कॅन्टोन्मेंट बोर्डात, म्हणजे हिशेबानं तुम्हीच बाहेरचे.

कुंदाप्रेमी
सुरुवात झाली. चहा घेऊन बसतो.

निवृत्त_मास्तर
सरांनी रेघ मारली ते ठीक, पण कारण सांगायला हवं होतं, नाहीतर पोरं नुसती बिचकतात. सांगतो.

इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी आला की एक अर्थ आणि नामाच्या मागून आला की दुसरा. ‘प्रॉपर डॉक्टर’ म्हणजे खराखुरा, शिकलेला, पाटी लावलेला डॉक्टर. ‘प्रॉपर मील’ म्हणजे वडापाव नव्हे, नीट बसून केलेलं जेवण. हे आधी येणारं. पण जागेबद्दल बोलताना ‘खुद्द’, ‘ऐन’, ‘आसपासचा भाग सोडून मुख्य’ असं म्हणायचं असेल तर तो मागून लावतात, ‘लंडन प्रॉपर’, ‘द सिटी प्रॉपर’. तेव्हा ‘बेळगाव प्रॉपर’ हे इंग्रजी कोशांच्या हिशेबानं बरोबर, आणि ‘प्रॉपर बेळगाव’ म्हटलं की इंग्रज माणसाच्या कानाला ‘अस्सल बेळगाव’ असं काहीतरी ऐकू येणार, जणू एखादं डुप्लिकेट बेळगाव पण आहे. आपण मात्र मराठीत विशेषण आधी ठेवतो, ‘खुद्द बेळगाव’, ‘ऐन बाजारात’, त्यामुळे शब्द उचलला इंग्रजांचा आणि बसवला आपल्या जागेवर. कन्नडमध्येही विशेषण आधीच येतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच जोर.

मुळात शब्द लॅटिनचा, प्रोप्रिउस, अर्थ ‘स्वतःचा’. तिथून फ्रेंचमधून तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत. प्रॉपर्टी, प्रोप्रायटर, ॲप्रोप्रिएट ही सगळी त्याच घरातली भावंडं. व्याकरणातलं ‘प्रॉपर नाउन’ म्हणजे ‘योग्य नाम’ नव्हे, तर ज्याचं त्याचं स्वतःचं नाव. आपण त्याला विशेषनाम म्हणतो. वर्गात ‘प्रॉपर नाउन म्हणजे काय’ विचारलं की एक तरी पोरगं ‘चांगलं नाव सर’ म्हणायचंच.

बैलहोंगलचा
मास्तर लई भारी. माझी मातृभाषा कन्नड, मराठी बाजारात आणि मित्रांत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्यात पण अगदी हेच विचारतात, ‘प्रॉपर याव ऊर री?’ आणि उत्तर ‘नम्दु प्रॉपर बैलहोंगल री’. शुद्ध कन्नडमध्ये ‘स्वंत ऊर’ म्हणतात. स्वंत म्हणजे स्वतःचं. म्हणजे मास्तरांनी सांगितलेला लॅटिन अर्थ आमच्या कन्नड शब्दात जशास तसा बसलाय की. इंग्रजांना ‘लंडन प्रॉपर’ म्हणताना ‘स्वतःचं’ आठवत पण नसेल, आपल्याकडं मात्र प्रॉपर म्हणजे मूळ गावच.

निवृत्त_मास्तर
@बैलहोंगलचा, तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला आहे. इंग्रजीत ‘व्हॉट इज युवर प्रॉपर?’ असं विचारलं तर समोरचा ‘प्रॉपर काय?’ म्हणून थांबेल, कारण तिथं तो एकटा उभा राहत नाही, त्याला नाम लागतं. आपण त्याला थेट नामच केलं. ‘माझं प्रॉपर चिकोडी.’

खानापुरी
प्रॉपरची गंमत आम्हा तालुक्यातल्यांना विचारा. पुण्यात कुणी विचारलं तर मी सांगतो बेळगाव. तो जर कोल्हापूरकडचा निघाला तर लगेच पुढचा प्रश्न, ‘प्रॉपर बेळगाव का?’ मग मी म्हणतो नाही, खानापूर. तिथं कुणी लोंढ्याचा भेटला की ‘प्रॉपर खानापूर का?’ नाही ओ, नंदगडकडं. मग नंदगडचा भेटला की ‘प्रॉपर नंदगड?’ नाही, तिथनं आत आमची वाडी. वाडीत गेलो तर म्हातारी म्हणते ‘तू वरच्या आळीचा की खालच्या आळीचा?’ जितकं जवळ जावं तितकं प्रॉपर पुढं पळतंय.

आर्या_पुणे
हाहा, पुण्यात पण हेच. ‘प्रॉपर पुणे’ म्हणजे पेठा, नदीपलीकडचे सगळे बाहेरचे. आमचं कोथरूड, आजी अजून ‘पुण्यात जाऊन येते’ म्हणते.
अवांतर: इथे बरेच जण वाक्याच्या मधेच ‘खरं’ लिहितायत, ‘प्रश्न साधा आहे खरं घरात वाद’, हे काय आहे? खोटं कोण म्हणतंय?

कॅम्पातला
@आर्या_पुणे, आमच्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘येतो खरं उशीर होईल.’ हे कळलं की बेळगावची निम्मी भाषा आली समजा. उरलेली निम्मी म्हणजे ‘ओ’ आणि ‘की’.

आर्या_पुणे
समजलं खरं सवय व्हायला वेळ लागेल. बरोबर वापरलं ना?

कॅम्पातला
प्रॉपर वापरलात.

जुना_पेठकरी
कॅम्पातला आणि अनगोळकर यांचं भांडण बघून एक सांगावंसं वाटलं. ‘बेळगाव प्रॉपर’ कुठं संपतं हा प्रश्न आजचा नाही. आज शहापूर आणि बेळगाव यात रेघ कुठं आहे ते नवख्याला दाखवता येणार नाही, रस्ता तोच, दुकानं तीच, खरं १९४८ सालापर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं, पटवर्धनांच्या राज्यात, आणि बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे कपडे आणायला शहापूरला गेलेला माणूस चालत चालत दुसऱ्या राज्यात जाऊन यायचा. आमचे आजोबा शेवटपर्यंत ‘बेळगावला जाऊन येतो’ म्हणून शहापुरातून निघायचे. तेव्हा आमच्या पिढीला कुणी ‘प्रॉपर बेळगाव?’ विचारलं की शहापूर-वडगावचा माणूस जरा थांबतो, मग म्हणतो ‘शहापूर’. त्यात कमीपणा नाही, उलट ताठा आहे.

रंगाचं बघा. बेळगावात रंग धुळवडीला आणि शहापूर-वडगाव भागात रंगपंचमीला. संस्थान गेलं, संस्थानिक गेले, रंग मात्र आपापल्या दिवशी. लहान असताना आम्ही दोन्हीकडं भिजायचो आणि दोन्ही घरी बोलणी खायचो.

कुंदाप्रेमी
रंगपंचमीचं अगदी बरोबर. नवीन बदलून आलेले बँकवाले त्या दिवशी पांढरा शर्ट घालून शहापूरच्या शाखेत जातात आणि फसतात.

प्लॉट_बघून_दमलेला
प्रॉपरचा आणखी एक अर्थ राहिला, एजंटचा. मागच्या वर्षभर प्लॉट बघतोय. फोनवर ‘साहेब प्रॉपर सिटीत आहे, दहा मिनिटं’. त्यांची दहा मिनिटं म्हणजे रात्री दोन वाजता, रस्ता मोकळा, विमानतळावरून येणाऱ्या गाडीची. एका ठिकाणी नेलं, सांबऱ्याच्या पण पुढं, मोकळं शिवार, टिटव्या ओरडतायत. म्हटलं ‘अहो हे प्रॉपर?’ तर म्हणतो ‘प्रॉपर्टी प्रॉपर आहे की साहेब, उतारा प्रॉपर, एनए प्रॉपर, बुडाचं (शहर विकास प्राधिकरणाचं) अप्रूव्हल प्रॉपर’. यात गावाबद्दल एक शब्द नाही बघा. खरं कागद बघायला मागितल्यावर एनए ‘प्रोसेसमध्ये’ निघालं.

कॅम्पातला
मास्तर वर म्हणाले ना प्रॉपर आणि प्रॉपर्टी भावंडं. भावाभावात जमिनीवरून वाद असणारच.

शहापूरची_सून
मला यात वेगळंच म्हणायचंय. तुम्ही सगळे पुरुष मंडळी ‘माझं प्रॉपर अमुक’ असं एका दमात सांगून मोकळे होताय. माझं माहेर चिकोडी. सासर शहापूर. मिस्टरांच्या नोकरीमुळं मधली बरीच वर्षं बेंगळुरात. आता मला हळदीकुंकवाला कुणी विचारलं ‘तुमचं प्रॉपर कुठलं ओ वहिनी’, तर मी काय सांगू? चिकोडी म्हटलं तर सासूबाई बघतात. शहापूर म्हटलं तर विचारणारी बाई लगेच ‘म्हणजे माहेर शहापूर?’ म्हणते, नाही म्हटलं की ‘मग प्रॉपर नव्हे की!’ म्हणजे बाईचं प्रॉपर हे तिच्या राहण्यावर नाही, जन्मावर पण पूर्ण नाही, कारण आमच्या आईचं माहेर संकेश्वर आणि चिकोडीतले जुने लोक मला आईकडून पण ओळखतात, ‘संकेश्वरच्या लेकीची लेक’ म्हणून.

आणि गंमत म्हणजे चिकोडीला गेले की तिथल्या शेजारणी म्हणतात ‘बेळगावची आली’. दोन्हीकडं मी दुसरीकडची.

माझ्या जाऊबाईंनी यावर तोडगा काढलाय. त्या उलट विचारतात, ‘तुम्हाला कुणाचं प्रॉपर पाहिजे, माझं की माझ्या आडनावाचं?’

खानापुरी
@शहापूरची_सून, जाऊबाईंना नमस्कार सांगा.

निपाणीचा_नातू
ताई तुमचं पटलं. माझं म्हणणं असं की हा प्रश्न गावाचा नसतोच. आमचे आजोबा एसटीत शेजारी बसलेल्याला ‘पावणं, गाव कंचं?’ विचारायचे. गाव कळलं की पुढं ‘कुणाच्यातले?’, मग आडनाव, मग ‘अमुक तुमचे कोण लागतात?’, आणि पंधरा मिनिटात कुठली तरी सोयरीक निघायचीच. नाही निघाली तर तंबाखूच्या वखारीतली ओळख तरी. प्रॉपर म्हणजे त्याच चौकशीचा इस्त्री केलेला शर्ट. गाव विचारायच्या नावाखाली माणूस कुठल्या खुंटीला टांगायचा ते बघायचं असतंय. कधी कधी जात काढायची असते हे पण खरं (इथं ‘खरं’ म्हणजे खरंच, आर्याताई).

टिळकवाडी_स्टेशन
@निपाणीचा_नातू, सोयरीक ठीक आहे, जातीचं मात्र पटलं नाही. प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणायची? साधं कुतूहल असतं माणसाला.

निपाणीचा_नातू
भाड्यानं खोली बघायला गेल्यावर घरमालक ‘प्रॉपर कुठले’ विचारतो, गाव सांगितलं तरी त्याचं समाधान होत नाही, मग ‘आडनाव काय म्हणालात?’ येतंय. कुतूहल असेल तर गावावर थांबायला पाहिजे की.

टिळकवाडी_स्टेशन
तुमचा अनुभव वेगळा असेल. माझा नाही.

शहापूरची_सून
माझा आहे.

गोकाकचा
तापू नका, करदंट खा. आमच्याकडं प्रॉपरचा एकच अर्थ, अस्सल. ‘प्रॉपर गोकाक करदंट.’ अमीनगडवाले म्हणतात त्यांचा प्रॉपर. त्यांनी म्हणत राहावं. डिंक, सुकं खोबरं, गूळ, सुकामेवा, दातात अडकला पाहिजे, दोन बोटांनी सहज मोडला तर तो प्रॉपर नव्हे.

कुंदाप्रेमी
आणि प्रॉपर कुंदा? दूध आटवून आटवून त्याला तो तपकिरी रंग आला पाहिजे, दाणेदार पाहिजे, नुसता खवा-साखर परतून रंग दिलेला मी ओळखतो. दुकानाचं नाव घेत नाही, नाहीतर इथं मारामारी होईल.

रात्रपाळी
(प्रकाटाआ)

संपादक
वरचा प्रतिसाद राजकीय मजकुरामुळं उडवला आहे. धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये विनंती केली आहे. ज्यांना १९५६, महाजन आयोग आणि सुप्रीम कोर्टातला दावा यावर बोलायचं आहे त्यांनी त्या धाग्यांवर जावं.

रात्रपाळी
मी एवढंच म्हटलं होतं की २०१४ साली नोव्हेंबरात सरकारी नाव बेळगावी झालं, मग ‘प्रॉपर’ नाव कुठलं? प्रॉपर नाउनचा मुद्दा होता ओ, व्याकरणाचा.

संपादक
व्याकरण खाली तीन ओळी उतरल्यावर बिघडलं होतं.

सिग्नल_प्रोसेसिंग
व्हीटीयूतून पास आउट, म्हणून गणिताच्या बाजूनं भर. मास्तरांनी प्रॉपर म्हणजे ‘स्वतःचा’ सांगितल्यावर माझी ट्यूब पेटली. आम्हाला मॅट्रिक्समध्ये ‘आयगन व्हॅल्यू’ असतात, परीक्षेत दर वेळी हमखास प्रश्न, चार वर्षं सोडवल्या खरं आयगन म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. जर्मन शब्द आहे, अर्थ ‘स्वतःचं’. आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यालाच ‘प्रॉपर व्हॅल्यू’ म्हणायचे! फ्रेंचमध्ये अजून तेच म्हणतात. म्हणजे त्या मॅट्रिक्सची स्वतःची, अंगची संख्या. मी ‘योग्य किंमत’ समजून बसलो असतो.

सापेक्षतावादात पण ‘प्रॉपर टाइम’ आहे. बरोबर वेळ असा अर्थ नाही, ज्याचं घड्याळ त्याची स्वतःची वेळ. रॉकेटमध्ये बसलेल्याच्या मनगटावरचं घड्याळ जे दाखवतं ते त्याचं प्रॉपर टाइम, जमिनीवरचा काहीही म्हणो.

कॅम्पातला
आमच्या प्लंबरचं पण प्रॉपर टाइम असतंय. ‘दहाला येतो’ त्याच्या घड्याळात.

आकाशदर्शन_जांबोटी
सिग्नल_प्रोसेसिंग यांना जोडून. ताऱ्यांची ‘प्रॉपर मोशन’ पण तशीच. सगळे तारे रात्रभर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात ती पृथ्वीची करणी. ते सोडून, इतर ताऱ्यांच्या तुलनेत एखादा तारा स्वतः जो सरकतो ती प्रॉपर मोशन, मराठीत निजगती. निज म्हणजे स्वतःची, ज्यानं कुणी हे भाषांतर केलं त्यानं नेमका अर्थ पकडला. धूमकेतूवाल्या हॅलीनं १७१८ साली दाखवलं की व्याध, स्वाती, रोहिणी हे तारे जुन्या ग्रीक नोंदींच्या जागेवरून हललेत. सगळ्यात जास्त निजगती बर्नार्डच्या ताऱ्याची, वर्षाला साधारण १०.३ विकला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं सरकायला त्याला पावणेदोनशे वर्षं लागतात, आणि तरी तो सगळ्यात चपळ. जांबोटीच्या बाजूला अजून आकाश बरं दिसतं, कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. (बर्नार्डचा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आधीच सांगतो.)

जुना_पेठकरी
शाळेत ‘प्रॉपर फ्रॅक्शन’ होतं त्याला मराठीत छेदाधिक अपूर्णांक आणि ‘इम्प्रॉपर’ला अंशाधिक. मराठी शब्दातच कळतं की छेद मोठा की अंश मोठा. इंग्रजी माध्यमातल्या नातवाला वाटतं सात छेद पाच हा अपूर्णांक काहीतरी वावगं वागलाय.

मँचेस्टरवाला
इकडं उत्तर इंग्लंडात ‘प्रॉपर’चा वापर बघाल तर मास्तरांना चक्कर येईल. ‘इट्स प्रॉपर गुड’, ‘ॲम प्रॉपर टायर्ड’. सरळ क्रियाविशेषण, म्हणजे आपलं ‘लई’. ऑफिसातला एक सहकारी कँटीनमधून बाहेरच्या टपरीवर मला चहा प्यायला नेतो आणि म्हणतो ‘प्रॉपर ब्रू’. व्याकरणवाले नाकं मुरडतात, लोक बोलत राहतात. तेव्हा अनगोळकर, तुमच्या कन्येला सांगा की ‘प्रॉपर’चा नियम खुद्द इंग्लंडात पण सगळे पाळत नाहीत.

निवृत्त_मास्तर
चक्कर येत नाही ओ, उलट बरं वाटलं. एक जुना अर्थ तर आता मेलाय, ‘देखणा’. १६११ च्या इंग्रजी बायबलात बाळ मोशेला ‘प्रॉपर चाइल्ड’ म्हटलंय, म्हणजे शिस्तीचं पोर नव्हे, गोंडस पोर. फ्रेंचमध्ये तर जागेप्रमाणे अर्थ फिरतो, ‘प्रोप्र’ नामाच्या आधी आला तर ‘स्वतःचा’, मागून आला तर ‘स्वच्छ’. माझी स्वतःची खोली आणि माझी स्वच्छ खोली, शब्द तेच, नुसती जागा बदलली.

शहापूरची_सून
आमच्या चिरंजीवांच्या बाबतीत हे दोन अर्थ एकाच खोलीला कधी लागू होणार नाहीत.

अव्वल_कारकून
उशिरा आलो. सगळ्यात महत्त्वाचा प्रॉपर राहिलाच, ‘थ्रू प्रॉपर चॅनल’. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, हे तीन शब्द लिहिल्याशिवाय एक अर्ज पुढं सरकला नाही. नियम असा की कर्मचाऱ्यानं थेट वरच्या साहेबाला लिहायचं नाही, आपल्या साहेबाच्या हातून, त्यांच्या शेऱ्यासह, पायरी पायरीनं जायला पाहिजे. मराठीत ‘योग्य मार्गाने’. ऐकायला किती सात्त्विक! आता माझी तक्रारच माझ्या साहेबाबद्दल होती, बदलीच्या यादीत नाव फिरवल्याची. ती द्यायची कुणाकडं, तर योग्य मार्गानं त्याच साहेबाकडं. त्यांनी शांतपणे वाचली, चष्मा काढला, म्हणाले ‘अक्षर छान आहे तुमचं’, आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढं त्यांची बदली झाली तेव्हा ड्रॉवर रिकामा करताना मला परत दिली. शेरा नव्हता. योग्य मार्ग असा.

मग आम्ही शिकलो, ‘ॲडव्हान्स कॉपी’ म्हणून एक प्रत थेट वर पाठवायची, आणि मूळ अर्ज प्रॉपर चॅनलनं.

खानापुरी
‘अक्षर छान आहे तुमचं’ 😂 हे मी आता सगळ्यांना वापरणार.

मँचेस्टरवाला
अवांतर चाललंच आहे तर आणखी एक. आपल्याकडं प्रॉपर नाही तर ‘नेटिव्ह’ विचारतात, ‘व्हॉट इज युवर नेटिव्ह?’ इकडं हे चुकून सुद्धा कुणाला विचारू नका. एखाद्या देशातल्या लोकांना नुसतं ‘नेटिव्ह’ म्हणणं म्हणजे गोऱ्या साहेबानं काळ्या रयतेला म्हटल्यासारखं वाटतं. ‘व्हेअर आर यू फ्रॉम ओरिजिनली’ पण जपून. आमच्या ऑफिसात तर लोक ‘व्हेअर्स होम?’ विचारतात, मग काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

कॅम्पातला
कॅम्पात पलटणींची जुनी नावं बघितली तर ‘नेटिव्ह इन्फन्ट्री’ असायचं ते हेच. आपण तो शब्द फॉर्मवर आनंदानं लिहितोय.

अनगोळकर
मंडळी, सगळं वाचून काढलं, कन्येनं पण वाचलं, तारे-बिरे तिला आवडले. खरं मूळ मुद्दा राहिला. तिनं लिहायचं काय? तिचं म्हणणं आहे की ती ‘प्रॉपर बेळगाव’च ठेवणार कारण इंटरव्ह्यू घेणारे पण आपलेच असणार, हुबळी-बेंगळुरूचे, त्यांना बरोबर कळणार.

टिळकवाडी_स्टेशन
ठेवू दे की. भारतीय इंग्रजीत ते रूढ आहे. आपण ‘प्रीपोन’ म्हणतो, ‘को-ब्रदर’ म्हणतो, कुणाचं अडलंय?

निवृत्त_मास्तर
मी असहमत. बोलताना म्हणू दे, लिहिताना नको. आणि इंटरव्ह्यूत प्रॉपर कशाला लागतंय मुळात? समोरचा काय बेळगावचा नकाशा घेऊन बसणार आहे? ‘आय ॲम फ्रॉम बेळगाव’, पूर्णविराम. जोर द्यायचाच असेल तर ‘फ्रॉम बेळगाव सिटी’. हा शब्द आपण तिथंच लावतो जिथं ऐकणाऱ्याला आजूबाजूची गावं माहीत असतात आणि त्यांच्यापासून वेगळं दाखवायचं असतं. बेंगळुरूच्या एचआर बाईला अनगोळ आणि येळ्ळूर यात काय फरक?

खानापुरी
येळ्ळूरवाल्यांना आहे!

निवृत्त_मास्तर
म्हणूनच त्यांच्यासमोर म्हणा.

सिग्नल_प्रोसेसिंग
मास्तरांशी सहमत. मी इंटरव्ह्यूत ‘प्रॉपर’ म्हटलं होतं, पॅनलवर एक धारवाडचे निघाले, त्यांनी कन्नडमध्ये गल्ली विचारली आणि पुढं प्रोजेक्टवर एक प्रश्न आला नाही, सगळा वेळ मिरचीभजी कुठली चांगली यावर. नोकरी लागली. यातून काय निष्कर्ष काढायचा ते तुम्ही काढा.

प्लॉट_बघून_दमलेला
निष्कर्ष: भजी प्रॉपर पाहिजेत.

शहापूरची_सून
फॉर्मचा विषय निघालाच आहे तर अव्वल_कारकून काकांना विचारते. मोठ्या मुलीचं यंदा सीईटी. आमचं बेंगळुरू, चिकोडी, शहापूर असं सगळं झालंय, तिची शाळा पण दोन गावात. तिथं नेटिव्ह प्लेस, प्रॉपर असलं काही विचारतात काय? कुठलं लिहू?

अव्वल_कारकून
ताई, सीईटीला तुमचं प्रॉपर कुणी विचारत नाही. सर्वसाधारण उमेदवाराला बघतात ते एवढंच की पहिलीपासून बारावीपर्यंत एकूण किमान सात वर्षं कर्नाटकात शिकली की नाही, आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून पास झाली की नाही. बेंगळुरू काय आणि शहापूर काय, दोन्ही कर्नाटकातच, सगळी वर्षं एकत्र मोजली जातात. दोन्ही शाळांची स्टडी सर्टिफिकेटं काढून ठेवा, ज्या त्या शाळेतून. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं एकच आहे ना बघा, तिथंच लोक अडकतात.

शहापूरची_सून
स्पेलिंग एका शाळेत सासरच्या आडनावाला डबल ए आहे, दुसरीकडं सिंगल. आता?

अव्वल_कारकून
दहावीच्या मार्कलिस्टवर जे आहे ते धरायचं. दुसऱ्या शाळेत अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, आणि सकाळीच जावा, दुपारी क्लार्क जेवायला उठला की परत कधी बसेल सांगता येत नाही. सर्टिफिकेटवर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्याची) काउंटर सही पण घेऊन ठेवा, मागितली तर धावपळ नको.

कॅम्पातला
अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल द्यायचा का काका?

अव्वल_कारकून
थेट हेडमास्तरांकडं. आणि एक झेरॉक्स स्वतःकडं, पोचीची सही घेऊन.